क्लस्टरवरचा कोटा भरला? आधी मोजा, मग निवडा, मग काढा

आमच्या लॅबमधल्या एका विद्यार्थ्याचा सिम्युलेशनचा जॉब नऊ दिवस चालून एका रात्री बंद पडला. आउटपुट फाईलच्या शेवटी तीन शब्द होते: 'डिस्क कोटा एक्सीडेड', म्हणजे ठरवून दिलेली जागा संपली. सकाळी त्याने घाबरून होममधली जुनी वाटणारी तीन फोल्डर उडवली. 40 जीबी मोकळे झाले, जॉब पुन्हा लागला. दुपारी लक्षात आलं की त्यातल्याच एका फोल्डरमध्ये दीड महिना खपून तयार केलेली सुरुवातीची रचना होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्याच होममध्ये कोंडा या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं 46 जीबी कॅश, म्हणजे डाउनलोडच्या साठवलेल्या प्रती, पडून होतं. ते काढलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

तेव्हापासून लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी पहिल्याच आठवड्यात जागेचं काम शिकवते. हा लेख त्याच शिकवणीवरून लिहिला आहे. पीएचडी, एमएस्सी प्रोजेक्ट किंवा पोस्टडॉकसाठी लिनक्स क्लस्टरवर (म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) काम करणाऱ्या कुणालाही तो लागू पडेल. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

तुमची जागा नेमकी कुठे कुठे आहे

क्लस्टरवर साधारण तीन ठिकाणी तुमच्या फाईली असतात. होम लहान असतं, बऱ्याच ठिकाणी त्याचा बॅकअप घेतला जातो, आणि तिथे कोड, स्क्रिप्ट, इनपुट ठेवायचं. स्क्रॅच मोठं आणि वेगवान असतं. चालू जॉबचं आउटपुट तिथे जातं, पण त्याचा बॅकअप सहसा नसतो आणि ठराविक दिवस हात न लागलेल्या फाईली आपोआप काढल्या जातात. काही संस्थांमध्ये यांच्या जोडीला गाईडच्या किंवा ग्रुपच्या नावाने प्रोजेक्टची सामायिक जागा असते. याखेरीज प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एकेका संगणकावर, त्याची स्वतःची डिस्क असू शकते, पण तिथलं सामान जॉब संपला की गेलं असंच समजायचं.

या प्रत्येक जागेचा कोटा वेगळा, नियम वेगळे. अकाउंट मिळाल्याच्या दिवशी क्लस्टरचं मॅन्युअल उघडा आणि तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: प्रत्येक जागेचा कोटा किती, बॅकअप कशाचा होतो, स्क्रॅच किती दिवसांनी साफ होतं. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला विचारून भागवू नका. नियम बदलतात, आणि सीनियर तीन वर्षांपूर्वीचे सांगतो.

कोटा दोन प्रकारचा का असतो, ते समजायला आत थोडं डोकवावं लागतं. सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतल्या यंत्रणा असोत, उदाहरणार्थ पुण्यातल्या आयसरमधलं परम ब्रह्म, किंवा जगातले दुसरे मोठे क्लस्टर, त्यांच्यावर बहुतेकदा लस्टर ही फाईल सिस्टीम भेटते. 'लिनक्स' आणि 'क्लस्टर' जोडून हे नाव झालं. तिच्यात फाईलचं नाव, मालक, परवानग्या हा सगळा दप्तराचा भाग एका सर्व्हरकडे असतो आणि फाईलमधला खरा मजकूर दुसऱ्या अनेक सर्व्हरवर विखुरलेला असतो. तुम्ही दोन लाख बारीक फाईली केल्या तर बाइट थोड्याच खर्च होतात, पण दप्तर सांभाळणाऱ्या सर्व्हरवर दोन लाख नोंदी चढतात आणि त्याचा भार क्लस्टरवरच्या सगळ्यांना सोसावा लागतो. म्हणूनच एक कोटा आकाराचा असतो आणि दुसरा फाईलींच्या संख्येचा. अर्धी जागा रिकामी असूनही 'कोटा संपला' असा संदेश आला तर संख्येचा कोटा बघा.

मर्यादाही दोन असतात. सॉफ्ट मर्यादा ओलांडली की काम चालू राहतं, पण मुदत सुरू होते. बहुतेक ठिकाणी ती सात दिवसांची असते. मुदतीत खाली आला नाहीत तर लिहिणं बंद. हार्ड मर्यादा मात्र ओलांडताच येत नाही. ती लागली की त्या क्षणी लिहिली जात असलेली फाईल अर्धवट राहते. जॉबचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथे.

मोजणं

लस्टरवर 'एलएफएस कोटा -एच -यू' आणि त्यापुढे तुमचं युजरनेम व जागेचा पाथ. जीपीएफएस ही दुसरी फाईल सिस्टीम असेल तर 'एमएमएलएसकोटा'. नेटवर्कवरून जोडलेल्या साध्या एनएफएस होमसाठी 'कोटा -एस'. काही केंद्रांनी यासाठी आपली सोपी कमांड करून ठेवलेली असते, ती मॅन्युअलमध्ये सापडते. उत्तरात आकडे दोन गटांत येतात, आधी आकाराचे, मग फाईलींच्या संख्येचे. एखाद्या आकड्याला चिकटून तारा दिसला तर ती सॉफ्ट मर्यादा तुम्ही ओलांडलेली आहे. मुदतीच्या रकान्यात किती दिवस उरले तेही दिसतं.

आता जागा कुठे गेली ते शोधायचं. यासाठी 'डीयू' ही कमांड. नवखी मुलं 'डीयू -एसएच *' चालवतात आणि बुचकळ्यात पडतात: कोटा सांगतो 95 जीबी, इथे बेरीज होते 40. कारण त्या ताऱ्यात टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डर येत नाहीत, आणि चोर बहुतेक वेळा तिथेच असतो. म्हणून हे चालवा:

डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=1 ~ | सॉर्ट -एच

तळाची ओळ अख्ख्या होमच्या बेरजेची, सगळ्यात मोठं फोल्डर तिच्या लगेच वर येईल. फाईलींची संख्या बघायची असेल तर 'डीयू --आयनोड्स --मॅक्स-डेप्थ=1 ~ | सॉर्ट -एन'. मोठ्या सुट्या फाईली शोधायला 'फाइंड ~ -टाइप एफ -साइज +1जी', त्यातला 'जी' कॅपिटल.

डीयू प्रत्येक फाईलची चौकशी करत जातं, त्यामुळे काही लाख फाईलींच्या स्क्रॅचवर ते बराच वेळ घेतं आणि दप्तराच्या सर्व्हरला दमवतं. एकदाच चालवा, उत्तर एका टेक्स्ट फाईलमध्ये साठवा आणि पुढचे दोन-तीन दिवस ती फाईल वाचा. लस्टरवर साध्या फाइंडऐवजी 'एलएफएस फाइंड' वापरलं तर भार कमी पडतो.

इतकं करूनही कोट्याचा आकडा आणि डीयूचा आकडा जुळत नसेल तर मी तीन ठिकाणी बघते. एक, बहुतेक क्लस्टरवर युजरचा कोटा फोल्डर कुणाचं यावर ठरत नाही, फाईलचा मालक कोण यावर ठरतो. सहकाऱ्याच्या फोल्डरमध्ये तुम्ही लिहिलेलं आउटपुट तुमच्याच खात्यावर चढतं. ग्रुपच्या जागेत 'फाइंड . -युजर' आणि पुढे आपलं नाव टाकून बघा, दोन वर्षांपूर्वी मदत म्हणून चालवून दिलेले जॉब सापडतील. दोन, एखादी फाईल डिलीट केली पण तुमचा चालू प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल, तर प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. तीन, हार्ड लिंक. त्याबद्दल कोंडाच्या भागात.

निवडणं: बनवलेली, उसनी, एकुलती

काढायला बसण्याआधी प्रत्येक मोठ्या फोल्डरला या तीनपैकी एक नाव द्या. कागदावर द्या, मनात नको.

उसनी म्हणजे बाहेरून आणलेली: डाउनलोड केलेली पॅकेजेस, मॉडेल, सार्वजनिक डेटाबेस, रेफरन्स जीनोम. ही परत आणता येते, फक्त कुठून आणि कोणती आवृत्ती ते लिहून ठेवलेलं हवं. बनवलेली म्हणजे इनपुट, कोड आणि काही तास दिले की पुन्हा तयार होणारी: विश्लेषणातल्या मधल्या फाईली, ग्राफ, रीस्टार्ट फाईली. एकुलती म्हणजे जिची दुसरी प्रत नाही आणि जी पुन्हा होणार नाही किंवा व्हायला महिने लागतील: उपकरणावरून आलेला कच्चा डेटा, हाताने दुरुस्त केलेली इनपुट, तुमचा कोड, लांब सिम्युलेशनचा मूळ ट्रॅजेक्टरी डेटा.

क्रम साधा आहे. आधी उसनी काढायची, मग बनवलेली, आणि एकुलतीला हात लावायचा तो दुसरी प्रत करून, तपासूनच. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या तिन्ही फोल्डरवर एकच तारीख होती आणि त्याने तारखेवरून निवड केली. फाईल जुनी आहे यावरून ती नकोशी आहे हे कधीच ठरत नाही. बहुतेक वेळा सगळ्यात जुनी फाईलच एकुलती असते.

होममधलं उसनं सामान

कोंडा, पिप, अप्टेनर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम), हगिंग फेस, व्हीएस कोड: या सगळ्यांची सवय एकच. काही न सांगता होममध्ये लपलेलं फोल्डर करायचं आणि त्यात भरत राहायचं. माझ्या पाहण्यात होम भरण्याचं नंबर एकचं कारण हेच.

कोंडासाठी आधी 'कोंडा क्लीन --ऑल --ड्राय-रन' चालवा. काय जाणार ते दिसेल, जाणार काहीच नाही. पटलं की 'ड्राय-रन' काढून पुन्हा चालवा. कोंडा पॅकेज एकदाच साठवून ठेवतं आणि प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमधून (एका कामासाठीच्या पॅकेजच्या वेगळ्या संचातून) त्याला हार्ड लिंक जोडतं. म्हणजे डिस्कवर फाईल एकच, नावं अनेक. एन्व्हायर्नमेंट स्वतंत्रपणे मोजलीत तर बेरीज खऱ्या वापरापेक्षा मोठी येते, आणि जे पॅकेज एखाद्या एन्व्हायर्नमेंटला जोडलेलं आहे ते कॅशमधून काढलं तरी जागा सुटत नाही. अशा वेळी नको असलेलं एन्व्हायर्नमेंटच काढावं लागतं. काढण्याआधी 'कोंडा एनव्ही एक्सपोर्ट'ने त्याची यादी एका फाईलमध्ये घ्या, म्हणजे पुन्हा उभं करता येईल.

हार्ड लिंक एकाच फाईल सिस्टीमच्या आत चालते. पॅकेजचं कॅश होममध्ये आणि एन्व्हायर्नमेंट प्रोजेक्टच्या जागेत अशी ताटातूट केलीत तर कोंडा लिंकऐवजी अख्खी प्रत करतं आणि जागा दुप्पट जाते. हलवायचं तर दोन्ही एकत्र हलवा.

पिपसाठी 'पिप कॅश पर्ज', अप्टेनरसाठी 'अप्टेनर कॅश क्लीन'. मग मुळावर घाव: या प्रोग्रॅमना कॅश कुठे ठेवायचं ते सांगणारे व्हेरिएबल असतात. पिप_कॅश_डीआयआर, अप्टेनर_कॅशडीआयआर, एचएफ_होम, कोंडा_पीकेजीएस_डीआयआरएस. सगळी कॅपिटल अक्षरांत, .बॅशआरसी फाईलमध्ये एक्सपोर्ट करून त्यांना स्क्रॅचचा किंवा प्रोजेक्टचा पाथ द्या. नुसतं कॅश स्क्रॅचवर गेलं तर काही बिघडत नाही, पुसलं गेलं तर पुन्हा डाउनलोड होईल. फक्त कोंडाचं कॅश एन्व्हायर्नमेंट असेल त्याच जागेत ठेवा.

एन्व्हायर्नमेंट मात्र स्क्रॅचवर ठेवू नका. आपोआप होणारी सफाई हात न लागलेल्या फाईली एकेक करून उचलते. त्यामुळे एन्व्हायर्नमेंट पूर्ण जात नाही, पोखरलं जातं, आणि मग अशा चुका येतात की दोन दिवस आपण आपल्याच कोडमध्ये दोष शोधत बसतो. फाईलींची संख्याच डोईजड झाली असेल तर अप्टेनरचा उपाय उत्तम: अख्खं एन्व्हायर्नमेंट एका .एसआयएफ इमेजमध्ये बांधा. एक-दीड लाख फाईलींच्या जागी कोट्यात एक फाईल मोजली जाते, आणि क्लस्टरवर पायथॉनही झटकन सुरू होतं.

लिहितानाच कमी लिहा

खरी बचत इथे आहे, म्हणून एक हिशोब सविस्तर मांडते. समजा ग्रोमॅक्स या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर पाण्यातल्या प्रथिनाचं सिम्युलेशन आहे, अणू 1 लाख. एका अणूची जागा सांगायला तीन आकडे, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 12 बाइट. एका फ्रेमला 1.2 एमबी. दर 10 पिकोसेकंदांना फ्रेम घेऊन 1 मायक्रोसेकंद चालवलं तर 1 लाख फ्रेम, म्हणजे 120 जीबी. टीआरआर फाईलमध्ये वेगही लिहिला तर 240.

आता स्वतःला विचारा, विश्लेषण कशाचं करणार? प्रथिनाचा आकार कसा बदलतो एवढंच बघायचं असेल तर दर 100 पिकोसेकंदांना एक फ्रेम बहुधा पुरते. 120चे 12 झाले. टीआरआरऐवजी कॉम्प्रेस केलेली एक्सटीसी घ्या, ती साधारण एक तृतीयांश आकाराची होते. 12चे 4 झाले. आणि पाणी नकोच असेल तर .एमडीपी फाईलमधल्या 'कम्प्रेस्ड-एक्स-जीआरपीएस' या ओळीत फक्त प्रथिन लिहा. अणूंमध्ये बहुसंख्य पाण्याचेच असतात, त्यामुळे उरलेला आकडा आणखी कितीतरी खाली येतो. हे सगळं इनपुटमधल्या दोन-तीन ओळींचं काम. मात्र पाण्याबद्दलचा निर्णय गाईडशी बोलून घ्या, कारण न लिहिलेलं पाणी नंतर मिळत नाही.

बाकी विषयांत तत्त्व तेच. व्हास्प या क्वांटम गणिताच्या प्रोग्रॅममध्ये वेव्हकार आणि सीएचजीकार या मोठ्या फाईली पुढच्या गणिताला लागणार नसतील तर 'एलवेव्ह' आणि 'एलचार्ज' बंद करा. जीनोमिक्समध्ये सॅम फाईल ठेवू नका, बॅम करा, आणि लांबच्या साठवणीसाठी क्रॅम. फक्त क्रॅम ज्या रेफरन्सवर बांधली तो रेफरन्स जपायला हवा. हवामानाची नेटसीडीएफ फाईल 'एनसीकॉपी -डी 4' ने कॉम्प्रेस होते आणि नेहमीच्या प्रोग्रॅममधून तशीच वाचता येते.

जॉब कोसळल्यावर पडणाऱ्या कोअर डम्प फाईली (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) तुम्ही डीबग करणार नसाल तर जॉब स्क्रिप्टमध्ये 'यूलिमिट -सी 0' टाका. तिथलं 'सी' छोटंच.

बांधणं आणि बाहेर नेणं

संपलेल्या कामाच्या हजारो बारीक फाईली एका टार फाईलमध्ये बांधा. 'टार' म्हणजे टेप अर्काइव्ह, टेपच्या जमान्यातलं हे साधन आजही यासाठी सगळ्यात भरवशाचं आहे. हे काम लॉगिन नोडवर (जिथे सगळे जण लॉगिन करतात त्या संगणकावर) न करता छोटा जॉब म्हणून पाठवा. टार बनत असताना मूळ फाईली आणि टार दोन्ही डिस्कवर असतात, म्हणून होम भरलेलं असेल तर टार फाईल स्क्रॅचवर बनवा. एक्सटीसी, बॅम, जेपीजी आधीच कॉम्प्रेस झालेल्या असतात, त्यांना जीझिप लावून वेळच जातो. बांधून झालं की 'टार --कम्पेअर --फाईल=' आणि पुढे टार फाईलचं नाव देऊन मूळ फोल्डरशी ताडून बघा. काही छापलं नाही तर सगळं जुळलं. मूळ फाईलींचा विचार त्यानंतर.

लॅबच्या सर्व्हरवर न्यायला 'आरसिंक -एव्ही --पार्शल --प्रोग्रेस'. नेटवर्क तुटलं तर पुन्हा तीच कमांड द्यायची, उरलेलंच जातं. स्रोत फोल्डरच्या नावापुढचा तिरका दांडा लक्षपूर्वक लिहा: दांडा असेल तर आतलं सामान जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं. एकुलती फाईल असेल तर निघण्याआधी 'एसएचए256सम'ने तिचा चेकसम (मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढून यादी बनवा आणि पोचल्यावर तीच यादी '-सी' लावून तपासा. हार्ड डिस्कवर नेत असाल आणि ती एफएटी32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल तिच्यावर मावत नाही. आधी फॉरमॅट बघा.

प्रसिद्ध झालेल्या कामाचा डेटा सार्वजनिक भांडारात ठेवणं मला सर्वांत चांगलं वाटतं. सर्नने 2013 पासून चालवलेलं झेनोडो एका नोंदीला 50 जीबीपर्यंत जागा देतं आणि डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांकही देतं. जीवशास्त्राच्या डेटासाठी आपल्याकडे फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे.

स्क्रॅचवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं धरून चालू नका. डिसेंबर 2021मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्या स्क्रिप्टमधल्या चुकीने सुमारे 77 टीबी, जवळपास 3 कोटी 40 लाख फाईली पुसल्या गेल्या. 14 संशोधन गटांना त्याची झळ बसली. जुने लॉग काढणारी ती स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती टाकली गेली. बॅश स्क्रिप्ट चालता चालता वाचत जातं, त्यामुळे मध्येच नवा मजकूर वाचला गेला, व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि लॉगऐवजी खऱ्या फाईली गेल्या. फाईल सिस्टीम तिथेही लस्टरच होती.

आता काढा

टर्मिनलवर कचरापेटी नसते. 'आरएम' म्हणजे गेलं. म्हणून आमच्या लॅबमध्ये आधी 'काढायचंय' नावाचं फोल्डर करतो आणि नको असलेलं त्यात 'एमव्ही' करतो. एकाच फाईल सिस्टीमच्या आत हलवायला ना वेळ लागतो ना जास्तीची जागा. दोन-तीन दिवस जॉब नीट चालले, कुणाचं काही अडलं नाही, की मग ते फोल्डर पुसायचं.

ताऱ्याने पुसताना आधी तोच पॅटर्न 'एलएस'ला देऊन यादी वाचा, मग बाण दाबून तीच ओळ परत आणा आणि 'एलएस'चं 'आरएम' करा. 'फाइंड' वापरत असाल तर '-डिलीट' नेहमी ओळीच्या अगदी शेवटी. ते नावाच्या अटीआधी लिहिलं तर फाइंड अट न बघता सगळं पुसतं. पहिल्यांदा '-प्रिंट' लिहून बघा. स्क्रिप्टमध्ये पुसायचं असेल तर वरच्या ओळीत 'सेट -यू' टाका, म्हणजे न दिलेलं व्हेरिएबल भेटताच स्क्रिप्ट थांबेल. आणि चालू असलेली स्क्रिप्ट उघडून दुरुस्त करू नका, तिची प्रत करा.

सफाईची तारीख जवळ आली की 'टच' चालवून सगळ्या स्क्रॅच फाईलींची तारीख ताजी करण्याची युक्ती काही जण सांगतील. ते करू नका. बऱ्याच केंद्रांत ते नियमात बसत नाही, आणि स्क्रॅच भरलं की सगळ्यांचेच जॉब अडतात, तुमच्या शेजारच्या खोलीतल्या थीसिस लिहिणाऱ्या मुलीचेसुद्धा.

एवढं करूनही जागा कमी पडत असेल तर कोटा वाढवून मागायला संकोच नको. ॲडमिनना मेल करताना 'जागा हवी आहे' एवढंच लिहू नका. सध्या किती वापर, त्यातलं काय काढलं, किती जास्त हवं, कोणत्या कामासाठी, आणि किती तारखेपर्यंत. शेवटची तारीख लिहिली की होकार लवकर येतो, असा माझा अनुभव आहे.

लॅब सोडताना

या कामाला निदान दोन आठवडे राखून ठेवा. अकाउंट बंद झालं की परवानगी न दिलेल्या तुमच्या फाईली लॅबमधल्या कुणाला उघडताही येत नाहीत, आणि मालक बदलणं तुमच्या हातात नसतं, ते ॲडमिनच करू शकतात. आधीच ग्रुपला वाचायची परवानगी द्या: 'सीएचमॉड -आर जी+आरएक्स', त्यातला पहिला '-आर' कॅपिटल आणि शेवटचा 'एक्स'ही कॅपिटल, म्हणजे फोल्डर उघडतील पण साध्या फाईली उगाच चालवण्याजोग्या होणार नाहीत. काय न्यायचं, काय ठेवायचं हे गाईडबरोबर बसून ठरवा.

प्रत्येक ठेवलेल्या फोल्डरमध्ये एक रीडमी फाईल असावी. आमच्याकडे तिच्यात पाचच ओळी असतात: हे काय आहे, कोणत्या पेपरसाठी किंवा प्रकरणासाठी, कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीने बनलं, दुसरी प्रत कुठे आहे, आणि हे कधी पुसलं तरी चालेल. त्या विद्यार्थ्याने मागच्या महिन्यात लॅब सोडली. त्याच्या 11 फोल्डरपैकी दोहोंच्या रीडमीत पाचव्या ओळीत 'पुसू नका, दुसरी प्रत नाही' असं लिहिलेलं सापडलं. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून त्यांची दुसरी प्रत केली आणि ती ओळ बदलली.